घरचं दप्तर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी मजकूर)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की गणपतीसमोर कीर्तन व्हावं, नाट्यसंगीत व्हावं, हे रद्दीपुराण कशाला? पण गणपती ही जशी बुद्धीची देवता, तशीच लेखनाचीही. महाभारत सांगितलं व्यासांनी, पण ते उतरवून घेतलं गणरायानं. कागदपत्रांचा विषय त्याच्यापुढे काढला तर तो रागावणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आणि आपण मराठी माणसं तर मुळात कागद सांभाळणारी. या मांडवात नजर फिरवली तरी दोन-तीन चिटणीस, एखादे फडणीस, एखादे सबनीस किंवा पोतनीस सहज सापडतील. पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, हिशेब पाहणारा फडणीस, हजेरीची नोंद ठेवणारा सबनीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस आणि सगळ्यांचे कागद सांभाळणारा दप्तरदार. आडनावं उरली, काम मात्र सुटलं. पेशवे दप्तरातले कागद अजूनही रुमालात बांधलेले मिळतात आणि आपल्याला घराची गेल्या वर्षीची कराची पावती मिळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या इंदूरची. २०१७ पासून सलग सात वेळा आपलं शहर देशात स्वच्छतेत पहिलं आलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, हे आता लहान मुलंही सांगतात. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की आपण वर्गवारी करून दारात हजर. मग जो कागद आपण दाराबाहेर जाताना इतका निगुतीनं वेगळा करतो, तो घरात असताना का करत नाही? कचऱ्याची वर्गवारी आणि महत्त्वाच्या कागदांची मात्र खिचडी, हे काही बरोबर नाही.

आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतली माणसं. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून लागलेली. आमचा दिवस नस्ती, नोटशीट आणि आवक-जावकमध्ये जातो. सरकारी कामाच्या पद्धतीला लोक हसतात आणि त्यातलं काही हसण्यासारखं असतंही. पण त्या पद्धतीतल्या दोन-चार गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. त्या आम्ही घरी वापरल्या. आमच्या घरी आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आज सांगणार आहोत ते या पाच माणसांच्या घरात करून पाहिलेलं आहे.

पण आधी हे सांगायला हवं, की यात नेमकं काय पणाला लागलेलं असतं. कपाट नीटनेटकं दिसावं एवढ्यासाठी कुणी रविवार खर्च करू नये.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींचे यजमान तीन वर्षांपूर्वी अचानक गेले. वय चोपन्न. घरातला सगळा कागदी व्यवहार तेच पाहायचे आणि चोख पाहायचे. पण तो सगळा त्यांच्या डोक्यात होता. तेरावा झाला आणि वहिनींच्या पुढ्यात प्रश्नांची रांग लागली. विम्याच्या पॉलिसी किती? घराच्या कर्जाचे किती हप्ते राहिलेत? लॉकरची किल्ली कुठली? एक पॉलिसी तर देवघराच्या खणात, जुन्या पंचांगात निघाली. त्याहून मोठी अडचण कुटुंब निवृत्तिवेतनाची झाली. वहिनींचं माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं नाव दुसरं. शाळेच्या दाखल्यावर पहिलं, यजमानांच्या सेवा पुस्तिकेत दुसरं. दोन्ही बायका एकच, हे दाखवणारा कागद कुठला? लग्नाची नोंदणी त्या काळी कुणी करत नसे. शेवटी शपथपत्र केलं आणि त्याच्या जोडीला उपयोगी पडली ती लग्नपत्रिका. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, तारीख, सगळं त्या एका पत्रिकेवर छापलेलं. हे सगळं मार्गी लागायला अकरा महिने गेले. ज्या दिवसांत माणसानं शांतपणे रडावं, ते दिवस झेरॉक्सच्या दुकानात गेले. आमच्या मते कागद नीट ठेवण्याचं खरं कारण हे आहे. आपण आपल्यासाठी कागद लावत नाही, आपल्या मागे जो टेबलासमोर उभा राहणार आहे त्याच्यासाठी लावतो.

इंदूरला हे निराळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तीस वर्षं! मधल्या काळात कितीतरी कामगार वारले. हक्क त्यांच्या बायकामुलांकडे आला. तीस वर्षांनी ‘हा माझा बाप, तो या मिलमध्ये होता’ हे सिद्ध करायचं तर हाताशी कागद लागतो. आपल्या मंडळातही मिल कामगारांची घरं आहेत. त्यांना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे घरभर फिरून कागद कुठे कुठे आहेत ते नुसतं पाहणं. आमच्या घरी सात ठिकाणं निघाली. कपाटाचा लॉकर, पलंगाच्या गादीखाली, फ्रिजवर, देवघर, माळ्यावरची पत्र्याची पेटी, मुलांची दप्तरं आणि आईची पिशवी. आईच्या पिशवीला मात्र आईच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ज्येष्ठांचा जीव कागदात असतो. त्यांना ‘हे काय जमवून ठेवलंय’ म्हणण्यापेक्षा ‘हा कागद कशाचा, सांग ना’ म्हणावं. निम्मे कागद त्या स्वतःच काढून देतात आणि उरलेल्या निम्म्यांची गोष्ट आपल्याला कळते.

सगळे कागद एका सतरंजीवर आणा आणि चार ढीग करा. जन्मभराचे, मुदतीचे, आठवणीचे आणि निरोपाचे.

जन्मभराचे म्हणजे जे कधीच टाकायचे नाहीत. जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे दाखले. गुणपत्रिका, मूळ निवासी आणि जातीचे दाखले. नोकरीची नेमणूकपत्रं, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ. घराची रजिस्ट्री, आणि फक्त आपलीच नव्हे, आपल्याला ज्यानं विकलं त्याच्या नावाची आधीची रजिस्ट्रीसुद्धा. घर विकताना किंवा तारण ठेवताना ही सगळी साखळी विचारतात. रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. महापालिकेत नामांतरण झाल्याचा कागदही तिच्याच जोडीला हवा. एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरायचा, असा कायदा झाला आहे. ज्यांच्या घरी नातवंडं आली आहेत त्यांनी तो दाखला बारशाच्या पेढ्यांआधी काढावा आणि त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तपासावं.

मुदतीचे म्हणजे ज्यांचं आयुष्य ठरलेलं आहे. विजेचं बिल एक वर्ष. वस्तूची वॉरंटी वस्तू असेपर्यंत. आयकराची विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे पगारदार माणसानं आठ वर्षं ठेवले की सहसा पुरतात. पण घर, सोनं, शेअर यांच्या खरेदीच्या पावत्या मात्र ती वस्तू विकून त्या वर्षाचा कर भरेपर्यंत, कारण नफा किती झाला हे खरेदीच्या किमतीवरून ठरतं. दुकानातल्या गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. फ्रिज, इन्व्हर्टर अशा वस्तूंच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. दवाखान्याचे कागद माणसागणिक वेगळे ठेवावेत आणि त्यात सर्वांत वर आत्ता चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी. रात्री दोन वाजता डॉक्टर तेवढंच विचारतात.

गृहकर्ज फिटलं असेल तर फक्त आनंदाचे पेढे वाटून थांबू नका. बेबाकी प्रमाणपत्र घ्या आणि मूळ कागद परत घ्या. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हा नियम नम्रपणे सांगता आला, की काउंटरवरचा आवाजही नम्र होतो.

आठवणीचा ढीग सर्वांत अवघड. पत्रं, लग्नपत्रिका, जुने फोटो, मुलांची पहिली चित्रं. इथे आम्ही एक नियम केला. प्रत्येक माणसाला एक खोका. खोका भरला की नवं ठेवण्यासाठी जुनं काढायचं आणि काय काढायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. लग्नपत्रिका मात्र सगळ्यांच्या जन्मभराच्या ढिगात. कारण वर सांगितलंच.

याच ढिगात आपल्याकडे आणखी एक गोष्ट निघते. मोडीतले कागद. रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या घरांत, होळकरशाहीत नोकरीला असलेल्या पूर्वजांच्या पेटीत ते हमखास असतात. आपल्याला ते वाचता येत नाहीत आणि वाचता येत नाही म्हणून ते अटालेवाल्याच्या गाडीवर जातात. असं करू नका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले आणि लोकांच्या माळ्यांवरून, कणगीतून, तुळयांवरून असेच कागद गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. ते सगळे कुणाच्या तरी घरचे कागद होते. १९१० साली राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मोडी जाणणारी माणसं आजही आहेत. फोटो काढून त्यांना पाठवा. कदाचित तो वाण्याचा हिशेब निघेल, कदाचित तुमच्याच घराण्याचा एखादा करार. आमच्या सतरंजीवरचा नियम असा, की जो कागद वाचता येत नाही तो टाकायचा नाही.

निरोपाचा ढीग म्हणजे बंद खात्यांची पासबुकं, संपलेल्या गाडीविम्याचे कागद, जुनी माहितीपत्रकं, दोनदा-तीनदा काढलेल्या झेरॉक्स. हे तसेच रद्दीत घालू नयेत. आधारची, पॅनची झेरॉक्स पुड्या बांधायला जाते आणि कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आम्ही असे कागद फाडून बादलीत रात्रभर भिजवतो आणि लगदा झाला की वाळवून सुक्या कचऱ्यात देतो. मुलांना हे काम फार आवडतं. बाहेर कुणाला ओळखपत्राची झेरॉक्स द्यायचीच झाली, तर तिच्यावर ‘केवळ अमुक कामासाठी’ असं लिहून तारीख आणि सही करावी. जिथे चालेल तिथे पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्यावं, ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढता येतं.

आमच्याकडे निरोपाच्या ढिगाची दोन पोती झाली. जे उरलं ते एका पेटीत आणि एका कपाटाच्या खणात मावलं.

आता सरकारी पद्धतीकडे येतो. कागद लावले, पण नोंद केली नाही, तर सहा महिन्यांत पुन्हा काखेत कळसा आणि गावाला वळसा. शंभर पानी वही आणा. पहिल्या भागात आवक. अनुक्रमांक, कागद कशाचा, कुणाच्या नावाचा, मूळ की झेरॉक्स, कुठल्या फायलीत आणि मुदत असेल तर ती कधी संपते. दुसऱ्या भागात जावक. मुलानं प्रवेशासाठी मूळ गुणपत्रिका नेली, तारीख टाकली, परत आणली, तारीख टाकली. आमच्या घरी या वहीत सही करूनच कागद बाहेर जातो आणि हा नियम आईलाही लागू आहे. पहिल्या महिन्यात सगळे हसले. आता मुलगी स्वतःच वही काढते.

डिप्लोमाला ड्रॉइंग शिकताना एक शिस्त अंगी बाणवतात. नकाशात सुधारणा झाली की नव्या प्रतीवर सुधारणेचा क्रमांक आणि तारीख घालायची आणि जुनी प्रत आडवी रेघ मारून रद्द करायची. साइटवर जुना नकाशा सापडला तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते. घरातही तेच. नवं रेशन कार्ड आलं, जुनं रद्द. नवं मृत्युपत्र केलं, तर जुनं फाडा. दोन मृत्युपत्रं सापडणं हे भावंडांत भांडण लावण्याचं खात्रीचं साधन आहे.

आता नावांबद्दल, कारण हा खास आपला, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा प्रश्न आहे. हिंदीच्या रोजच्या लिखाणात ‘ळ’ नाही. त्यामुळे शाळेत काळे होते ते मतदार यादीत काले होतात, जोगळेकर जोगलेकर होतात, आणि इंग्रजीत तर प्रत्येक कारकुनाचं स्पेलिंग वेगळं. त्यात आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो आणि इकडच्या फॉर्मात वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. मुलींची तर लग्नानंतर तिन्ही नावं बदलू शकतात. म्हणून वहीच्या तिसऱ्या भागात प्रत्येकाचं एक पान करा. आधार, पॅन, समग्र आयडी, गुणपत्रिका, बँक, नोकरी, या प्रत्येक ठिकाणी नाव अक्षरशः कसं लिहिलं आहे ते उतरवून काढा. फरक दिसला की माणूस हयात असताना, त्याच्या सहीनं दुरुस्त करा. जिवंत माणसाच्या सहीनं एका अर्जात होणारं काम नंतर वारसांना वर्षभर पुरतं.

वारसांचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर करतो. खात्यावर ज्याचं नामनिर्देशन आहे तो मालक झाला, असं आपण धरून चालतो. बहुतेक बाबतीत तो फक्त रक्कम स्वीकारणारा असतो. कायदेशीर वाटा वारसांचा. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. म्हणून नामनिर्देशनही हवं आणि मृत्युपत्रही हवं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. साक्षीदार वाटेकरी नसलेले आणि वयानं आपल्यापेक्षा लहान असावेत. आणि मृत्युपत्र केवळ आपल्याच नावावर असलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला जो कागद उपयोगी पडणार, तोच आत अडकायचा.

काही ज्येष्ठांची जुनी खाती असतात, विसरलेली. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. पण पैसे बुडत नाहीत, मागता येतात. ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ नावाच्या संकेतस्थळावर अशी खाती नावानं शोधता येतात. मुलांनो, आजी-आजोबांच्या नावाचा शोध एकदा घेऊन पाहा. आणि नावाची दोन-तीन स्पेलिंग घालून घ्या, ते का हे आता तुम्हाला कळलंच आहे.

डिजिलॉकरबद्दल लोक विचारतात. ही सोय २०१५ पासून आहे आणि चांगली आहे. त्यात संबंधित खात्यानं थेट दिलेला दाखला मूळ दाखल्यासारखा मानला जातो. आपण मोबाइलनं काढून ठेवलेला फोटो मात्र फोटोच असतो. दोन्हींतला फरक ध्यानात ठेवा. आणि रजिस्ट्रीसारखे मूळ कागद कितीही स्कॅन केले तरी टाकायचे नाहीत.

कागदांची निगा साधी आहे. स्टेपलच्या पिना गंजतात, रबर चिकटून बसतात. त्याऐवजी सुती नाडी बांधा. दाखल्यांना लॅमिनेशन करू नका, मागचा शिक्का तपासता येत नाही. पेटी भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते. कसर लागू नये म्हणून आमची आई कापडात वेखंड बांधून ठेवते, तीच रीत आम्हीही चालवतो.

शेवटी वहीचं पहिलं पान. ते आम्ही मुद्दाम शेवटी लिहिलं. त्यावर फक्त एवढं आहे. खाती कुठे कुठे, पॉलिसी किती, कर्ज किती, घराचे कागद कुठे, किल्ल्या कुठे आणि अडचण आली तर पहिला फोन कुणाला. पासवर्ड त्यावर नाहीत, ते वेगळ्या बंद पाकिटात आहेत आणि पाकीट कुठे ते सौ.ला आणि आईला ठाऊक आहे. दरवर्षी हे पान नव्यानं लिहायचं, तारीख घालायची आणि घरातल्या सर्वांना बसवून एकदा मोठ्यानं वाचायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आई म्हणाली, ‘हे असलं अभद्र कशाला?’ वाचून झाल्यावर मात्र तिनं स्वतःच्या दोन मुदत ठेवी त्यात लिहायला सांगितल्या. त्या घरात कुणालाच माहीत नव्हत्या.

हे सगळं कधी करायचं? मुहूर्त आम्ही सुचवतो. अनंत चतुर्दशीला गणपती उठले की पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात आपण नवं काही घेत नाही, शुभकार्य करत नाही, हात तसे मोकळे असतात आणि गेलेल्या माणसांची आठवण घरात असते. त्यांच्या नावाचे कागद काढायला याहून योग्य पंधरवडा कुठला? रोज अर्धा तास, एक ठिकाण. सर्वपित्रीपर्यंत वही तयार होते आणि घटस्थापनेला कपाट मोकळं. ज्यांना फॉर्म भरायला, नावाच्या दुरुस्तीचा अर्ज लिहायला मदत हवी असेल, त्यांनी पितृपक्षातल्या दोन्ही रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या खोलीत यावं. आम्ही आणि आमचे दोन-तीन सहकारी तिथे बसणार आहोत. येताना मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि मूळ घरी कुठे ठेवला आहे, ते वहीत लिहून या.

गणपती बाप्पा मोरया!